राखंगत दिसलेला गूळ

गुळाचा रंग वळखावा तर आमच्या कागल भागात मीच, दुसऱ्याचं ते काम न्हाय. ह्याच डोळ्यानं मी एक अख्खी काहील नासवली, ती बी नुसता टीव्ही बघून.

मी गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत शिजतो, तो कधी उतरवायचा ते सांगणारा. शाळा दुसरीत सुटली, काहील सुटली न्हाय. आमच्या मालकांच्या गुऱ्हाळावर रस्त्याकडंला पाटी हाय, 'बिनपावडरचा गूळ'. रंग उजळायची पांढरी पावडर आमच्यात चालत न्हाय. भेंडीच्या पाण्यानं मळी काढायची, बास. गिऱ्हाईक त्या पाटीवरच येतंय.

तिथं सिनेमावाली माणसं गुऱ्हाळाचं शूटिंग करायला आली. पयल्या दिवशी मी दाढी करून, नवा सदरा घालून काहिलीजवळ हुबा. गूळ उतरला झकास, सोन्यागत. कॅमेऱ्याजवळ एक बारका टीव्ही हुता. त्यात डोकावलो तर गूळ राखंगत! ऊस राख, माझं त्वांड राख. त्वांडाचं काय न्हाय, ते तसंच हाय. पण गूळ? अख्खा जिल्हा बघणार आणि म्हणणार, ह्यो कसला गुळव्या!

कुणाला इचारलं आसतं तर भागलं आसतं. पण गुळव्यानं दुसऱ्याला रंग इचारायचा व्हय? दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गुऱ्हाळातनं पावडर आणली आणि मालकांचा डोळा चुकवून उकळत्या रसात वंजळभर टाकली. गूळ निघाला पिवळाधमक. पळत जाऊन टीव्ही बघितला. राखच.

मग कॅमेरावाल्याला गाठलं. "पावणं, तुमचं मशीन बिघडलंय."

तो हसला. "दादा, हे कच्चं चित्र आहे. मुद्दाम फिकं घेतो. रंग नंतर कॉम्प्युटरवर चढवतात, पाहिजे तसा."

"मग गूळ कसा बी चालला आसता?"

"काळा असता तरी पिवळा केला असता."

मी घरी गेलो. त्या ढेपा बाकीच्या ढेपांत मिसळून गेल्या.

सिनेमा लागला तवा नवा हंगाम तोंडावर आलता. मालक आम्हा सगळ्यांस्नी कोल्हापुरात थेटरात घिऊन गेले. पडद्यावर सगळं तांबूस. नवरी तांबूस, म्हस तांबूस, पाऊस बी तांबूस. जुना काळ दावायचा हुता म्हणं. जुन्या काळात लोकं काय च्यात बुडवून काढल्याली हुती? माझं एक कोपर दिसलं, ते बी तांबूस. दोन्ही दिवसांचा गूळ एकसारखा, चॉकलेटी.

मालक शेजारीच, एकदम खूश. "बघ, आपला गूळ. बिनपावडरचा."

आणि मला शाणपणा सुचला. कॉम्प्युटरचं आपल्याला किती कळतंय ते सांगायची हौस लई. म्हटलं, "मालक, खरी गंमत ऐका की. दुसऱ्या दिवशी मी पावडर टाकलती. वळखू येतंय का? मागनं रंग चढवला की सगळं सारखंच!"

मालक पडद्याकडंच बघत हुते. "त्या ढेपा कुठं गेल्या?"

"गिऱ्हाइकास्नी."

सिनेमा संपला. भाईर गाडीजवळ आल्यावर म्हणाले, "औंदा काहिलीला हात लावायचा न्हाय. चुलीत जाळ घाल, आणि राख बघत बस."