फॉयर्सचा धबधबा साडेबाराला सोडत नाहीत

इन्व्हर्नेसहून एका दिवसात दीपगृह, धबधबा आणि बोटी वर चढवणारे लॉक्स, तिन्ही आरामात होतं. फक्त गाडीत आमच्यासारखी माणसं नकोत.

माणसं म्हणजे मी, ताई, जिजू आणि बाबा. बाबांनी तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्याच्या गेटवर काढली. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले, लंडन बघून जांभई दिली. पण फोर्ट ऑगस्टसच्या लॉक्सचा व्हिडिओ बघितला आणि धोशा लावला. "पाच पायऱ्यांचा पाण्याचा जिना आहे रे! दरवाजा पाणी कसं धरतो ते मला डोळ्यांनी बघायचंय." मंगळवारी त्यांचं परतीचं विमान. म्हणून शुक्रवारी दिवसभर गाडी हाणत आम्ही स्कॉटलंड गाठलं.

मग शनिवारी आधी लॉक्स बघायचे ना? नाही. जिजूंची एक्सेल शीट. त्यात लॉक्स शेवटी, कारण म्हणे रूट ऑप्टिमाइझ होतो.

सकाळी चॅनॉनरी पॉइंटचं दीपगृह. इन्व्हर्नेसहून अर्धा तास, शेवटचा रस्ता गोल्फ कोर्समधून जातो, पार्किंग चिमूटभर, त्यामुळे लवकर जा. दीपगृह पांढरंशुभ्र आणि बुटकं, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीएवढं. डॉल्फिन भरतीला येतात. आम्ही ओहोटीला गेलो. वारा असा की ताईच्या थर्मासमधला चहा कपाऐवजी माझ्या जीन्सवर.

"जिजू, ते हलत नाहीये. एक फोटो पुरे."

"लाइट बदलतोय रे, तुला नाही कळणार."

बाबा चौथ्यांदा घड्याळ बघत होते. माझं डोकं फिरलं. गाडीत बसल्यावर जिजू म्हणाले, "फॉयर्सला पाणी कमी असतं असं रिव्ह्यूत लिहिलंय." मी ठोकून दिलं, "वरचं पॉवर स्टेशन रोज साडेबाराला सोडतं की. दहा मिनिटंच."

म्हटलं, आता तरी ॲक्सिलरेटरवर पाय दाबेल हा माणूस.

दाबला. इतका दाबला की बाराच्या आत पोचलो.

फॉयर्सला पार्किंग फुकट, समोर कॅफे, मग जंगलातून उभ्या पायऱ्या खाली. गुडघे दुखत असतील तर वरच्या कठड्यावरून बघा. खाली गेलो तर धबधबा म्हणजे दुधाच्या पिशवीला टाचणी टोचल्यासारखा. "चला, बघितला," मी म्हणालो.

"अरे, साडेबाराला सुटणार ना?" बाबा म्हणाले. "आवर्तनाची वेळ ठरलेली असते. आम्हीपण मिनिटावर सोडायचो." आणि बाजूला निळ्या रेनकोटातलं एक गोरं जोडपं निघत होतं, त्यांना थांबवलं. "वेट. वॉटर कमिंग. ट्वेल्व्ह थर्टी. आय वर्क इन वॉटर, थर्टी इयर्स."

ती दोघं थांबली. आता मी काय बोलणार, कपाळ?

साडेबारा झाले. मिजेस नावाची चिलटं कान खायला लागली. पाऊण. "वरून इथवर यायला वेळ लागतो," बाबा त्या बाईंना हातवारे करून समजावत होते. जिजू कॅमेरा धरून तसेच. एक वाजला. दीडला ती दोघं 'थँक यू एनीवे' म्हणून गेली. मग बाबांचे गुडघे, दर दहा पायऱ्यांवर थांबा. मग डब्यातले मेथीचे पराठे. मग एकपदरी रस्त्यावर पुढे एक कॅरावॅन. पासिंग प्लेस दिसली की लोक बाजूला होतात. हा मात्र नाही झाला.

फोर्ट ऑगस्टसला पोचलो तेव्हा दिवसाच्या शेवटच्या बोटी पाचव्या, वरच्या टाकीत होत्या. बाबा अक्षरशः पळाले. दरवाजा बंद झाला, पाणी चढलं, दोन बोटी गवताच्या बरोबरीला आल्या, पुढचा दरवाजा उघडला. पंधरा मिनिटं. बाबांनी एकदाही नजर हलवली नाही.

"आता खालची चार?"

लाइफ जॅकेट घातलेली लॉकवाली पोरगी म्हणाली, "दॅट्स अस डन फॉर टुडे." उद्या सकाळी आम्हाला परत निघायचं होतं.

"खात्याचं असंच असतं," बाबा म्हणाले. "पाणी सोडतो सांगतात आणि सोडत नाहीत. तिथेच वेळ गेला."

खात्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. नाही झालं.

"बाबा, सोडतच नाहीत. मी फेकली होती."

जिजूंना हसू फुटलं. ताईने माझ्या दंडाला कचकून चिमटा काढला. बाबा बोटी निघून गेलेल्या टाकीकडे बघत राहिले.

"त्या दोघांना मी थांबवलं होतं," एवढंच म्हणाले. "मी सांगितलं म्हणून थांबली ती."

परतीचे आठ-नऊ तास गाडीत फक्त रस्ता सांगणारी सॅटनॅव्ह बोलली.

तर बाबांनो, लॉक्स आधी करा. सकाळी जा, बघायला पैसे पडत नाहीत, पाचही पायऱ्या बोटीबरोबर चालत चढा. आम्ही एकच बघितली आणि ते माझ्या खात्यावर.

सोमवारी बाबा बॅग भरत होते. म्हणाले, "तू इंटरनेटवर लिहितोस ना? लिही. साडेबाराला सोडत नाहीत. मोठ्या अक्षरात."

"बाबा, त्या दोघांना मराठी कुठे येतं?"

"तुला येतं ना."

मग बॅगेवर बसले आणि म्हणाले, ओढ चेन.