सामना अडला की हे बाहेर

सोफे दुरुस्त करण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर वेगळंच सांगेन. दुकान आमचं दोघांचं. खोळी मी शिवते. सांगाडा, स्प्रिंगा, पट्टे, फोम हे त्यांच्याकडे. खचलेल्या सोफ्यावरून नुसता तळवा फिरवून कुठली स्प्रिंग गेली ते सांगतात. असा डोकं ठिकाणावर असलेला माणूस फुटबॉलचा सामना रंगात आला की मुकाट उठायचा आणि रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. का? तर म्हणे ते आत असले की आपला संघ हरतो!

हे खूळ कुठून आलं ते सांगते. दुकानात टीव्ही आहे, आणि बसायला दुरुस्तीला आलेले सोफे. तेव्हा सामना असला की अख्खी गल्ली आमच्याकडे. गिऱ्हाइकांना कळलं तर आमचं काही खरं नाही, पण ते जाऊ दे. एकदा आपला संघ पुढे होता, वेळ संपत आली होती, हे सगळ्यांसाठी चहा घेऊन आत आले आणि त्याच क्षणी समोरच्यांनी गोल ठोकला. पुढच्या सामन्याला बरोबरी होती. हे कुणाची तरी खुर्ची उतरवून घ्यायला बाहेर गेले आणि आपला गोल झाला. झालं! शेजारचा चावीवाला उठून उभाच राहिला. "दादा, आता आत येऊ नका! तिथेच थांबा!" तेव्हापासून रीतच पडली. सामना अडला की हे बाहेर.

आणि हा भला माणूस बाहेर राहून खिडकीतून डोकावायचाही नाही. विजेच्या खांबाला टेकून उभा. आतून ओरडा आला की विचारायचे, "आपला की त्यांचा?"

त्यावरून दुकानात वाद तर रोजचेच. चावीवाला म्हणायचा, "एका गोलाचा सामना म्हणजे निव्वळ नशीब, वहिनी. चेंडू खांबाला लागून आत गेला तर हिरो, बाहेर गेला तर झिरो." वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून यायच्या आणि सोफ्याच्या हातावर बसायच्या. त्या म्हणायच्या, "नशीब असतं हो थोडं. पण खांबापर्यंत चेंडू नेतो कोण? ते कसब आहे. रोज नेणारा रोज थोडाच हरेल?"

"मग परवा का हरलो?"

"परवा दुसऱ्यांनी जास्त वेळा नेला म्हणून."

मी मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "नशीब असेलही. पण ते आमच्या सोफ्यावर कोण बसलंय हे बघून येतं का? त्याला दुसरे उद्योग नाहीत?" सगळे हसायचे. हेही हसायचे. आणि पुढच्या सामन्याला बरोबरी झाली की चपला घालून बाहेर. माझा पारा चढायचा, पण म्हटलं, टीव्हीवरचा सामना आहे, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ते आमची लेक बारकी गावाच्या संघात गोलकीपर झाली तेव्हा. बारकी हे लाडाचं नाव, आता ती दारातून वाकून येते. लहानपणी फोमच्या तुकड्यांवर उड्या मारून मारून तिने दुकानाची वाट लावली होती, आणि त्याच उड्यांचं पुढे काहीतरी झालं. पहाटे उठून सराव, संध्याकाळी सराव, कोपरं कायम सोललेली. मी तिला हळद लावत बडबडायचे, आणि आतून मला इतका अभिमान वाटायचा की विचारू नका.

तिचा उपांत्य सामना आमच्याच मैदानावर होता. अख्खी गल्ली आली. बरोबरी सुटेना. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. बारकी गोलात उभी, हात पसरलेले. मी शेजारी बघते तर हे गायब! स्टँडच्या मागे, सायकली लावतात तिथे, भिंतीकडे तोंड करून उभे. समोरच्या मुलीने चेंडू मारला, बारकीने झेप घेतली आणि दोन्ही मुठींनी बाहेर ठोसला. लगेच आपल्या पोरींनी पलीकडे जाऊन गोल केला. जिंकलो!

आणि मग आमच्या शहाण्यांनी काय करावं? मैदानात धावायचं सोडून सगळे स्टँडच्या मागे धावले. ह्यांना खांद्यावर घेतलं. "दादा, तुम्ही बाहेर राहिलात म्हणून जिंकलो!" चावीवाल्याच्या डोळ्यांत पाणी. खांद्यावर घेऊन त्यांना मैदानात आणलं, आणि हे वेड्यासारखे हात हलवतायत. बारकी हातमोजे काढून गोलापाशी उभी होती. तिने ते सगळं बघितलं. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला कळलं की आता काही धडगत नाही.

घरी येऊन ती जेवायला बसली नाही. हे हात धुऊन आले तर म्हणाली, "बाबा, ती पेनल्टी कोणी अडवली?"

"अगं, हा काय प्रश्न? तू."

"मग खांद्यावर तुम्ही कसे?"

हे टॉवेलला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "ते लोक आपले... तुला माहितीयेत ना कसे आहेत."

"लोकांचं सोडा. तुम्ही का गेलात बाहेर? तुम्हाला वाटतं ना, की मी अडवत नाही, तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत की चेंडू आपोआप अडतो?"

"तसं नाही बाळा. पण मी तिथे बसलो आणि तू हरलीस, तर मी कुठे तोंड दाखवू?"

"आणि तुम्ही बाहेर असताना मी जिंकले तर मी कुठे तोंड दाखवू?" तिचा आवाज फुटला. "इतकी वर्षं मी धडपडतेय, आणि तुम्ही माझी एकही पेनल्टी बघितलेली नाही. एकही! अंतिम सामन्याला शेवटपर्यंत बसणार असाल तर या. उठून जाणार असाल तर येऊ नका. त्यानंतरही कधी येऊ नका."

एरवी मी मध्ये पडते. त्या दिवशी पडले नाही, कारण पोरीचं अक्षर न् अक्षर खरं होतं. हे रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात एका खुर्चीला उलटं कापड लावून बसले, ते मला उसवावं लागलं. चावीवाल्याला मी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा ह्यांना उठवलंत तर टीव्ही बंद, सोफेही बंद." तो म्हणाला, "वहिनी, पण तुम्ही धोका पत्करताय." मी म्हटलं, "पत्करतेय. ह्यांच्या उठण्यापेक्षा माझ्या पोरीच्या हातांवर माझा जास्त भरवसा आहे."

अंतिम सामना. पुन्हा बरोबरी, पुन्हा सुटेना, आणि मग पेनल्ट्यांवर निकाल लावायचं ठरलं. पोरी मैदानाच्या मधोमध रांगेत, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. बारकी गोलाकडे चालत गेली आणि वळून तिने सरळ आमच्याकडे बघितलं.

चावीवाला मागून वाकला. "दादा, उठा."

ह्यांचे गुडघे हलले. मला ते कळतं, इतकी वर्षं शेजारी बसलेय. माझा हात त्यांच्या शर्टाकडे गेला होता, तो मी मागे घेतला. हे त्यांचं त्यांनीच ठरवायला हवं होतं.

"दादा, निदान पोरीसाठी तरी उठा हो!"

"पोरीसाठीच बसलोय," हे म्हणाले, आणि दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला.

त्यांच्या पहिल्या दोन आत गेल्या. तिसरीला समोरची मुलगी धावत आली, मध्येच जरा थबकली. बारकी हललीच नाही. शेवटच्या क्षणी डावीकडे आडवी झाली आणि चेंडू छातीशी धरूनच उठली. ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लग्नापासून ऐकला नव्हता. डॉक्टरीणबाई माझ्या पाठीत बुक्क्या मारत होत्या. पण आपल्या एकीने बाहेर मारली, दुसरीची अडली. मग त्यांची शेवटची, ही गेली की सामना त्यांचा. बारकी बरोबर बाजूला गेली. तिची बोटं चेंडूला लागली. चेंडू खांबावर आदळला आणि आत गेला.

हरलो. आणि आमच्या ओळीतली एकेक मान ह्यांच्याकडे वळली.

हे कुणाकडे न बघता उठले आणि जाळीच्या दारातून मैदानात गेले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे सगळी गल्ली. बारकी गुडघ्यांवर बसली होती, तोंड मातीने आणि रडून बरबटलेलं. हे तिच्यासमोर उकिडवे बसले. तेवढ्यात चावीवाला बोललाच. "मी सांगत होतो. दादा आज आत बसले, तिथेच सगळं फिस्कटलं."

मी त्याच्यावर तुटून पडणार होते. त्याआधी बारकीने मान वर केली.

"काका, हरले ती मी," ती म्हणाली. "माझ्या बोटांना लागून गेला तो चेंडू. मी जिंकले असते तर ते माझं असतं, तसं हे हरणंही माझंच आहे. बाबांना त्यातलं काही देऊ नका."

ह्यांनी तिच्या कपाळावरची माती अंगठ्याने पुसली.

"मला काही नकोच आहे," ते म्हणाले. "मी नुसता बघायला आलो होतो. ती तिसरी तू धरलीस ना, ती डावीकडे येणार हे तुला कळलं कसं?"

आणि बारकी रडता रडता, हातवारे करत, त्यांना सांगायला लागली.