सीमेवरचं पायपुसणं

“काकू, तुम्ही दोनदा बुडवा हं पाय!”

केतकी हे बोलली आणि आमच्या रांगेतले सगळे हसले. झांबियातून बोट्स्वानात शिरायच्या नाक्यावर एक उथळ ट्रे ठेवला होता. त्यात औषधात भिजलेलं पायपुसणं. तिकडे गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची भीती असते, म्हणून प्रत्येकानं त्यावर बूट ओले करूनच पुढे जायचं. एकदा. केतकीच्या मते मी मात्र दोनदा.

नातवंडांनो, तुम्ही मेलबर्नला वाढलात. यात हसण्यासारखं काय, ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून सांगते.

आयर्लंडमधली आम्ही पाच मराठी घरं आफ्रिकेत सहलीला आलो होतो आणि तिथे दोन व्हॅन करून निघालो होतो. आमच्या घरातून तुमची आत्या आणि मी. सुरुवातीला माझ्या हातचे धपाटे सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले. डब्लिनजवळच्या डून लेरीच्या या केतकीनं तर मागून घेतले. मग एका सकाळी नाश्त्याला तिनं गोड आवाजात विचारलं, “काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनावावरून काही कळत नाही हो.”

कळून काय करायचं असतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हटलं, “आम्ही बौद्ध.”

“अच्छा, अच्छा,” म्हणत तिनं ताटातला धपाटा कडेला सारला. दुपारी माझा डबा भरलेला तसाच परत आला. ॲसिडिटी झाली म्हणे. चारही घरांना एकदम.

आणि त्यानंतर हा नाका.

मला किळस आली. त्या हसण्याची. तुमची आत्याही हसली, बारीकसं. त्याची सगळ्यात जास्त.

शाळेत असताना अशा वेळी मी मान खाली घालायची. पुढे जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. या वेळी ट्रेच्या अलीकडेच थांबले आणि म्हणाले, “केतकी, हाच विनोद इंग्रजीत सांग. या अधिकारी बाईंनाही हसू दे.”

“अहो काकू, गंमत हो. जस्ट अ बिट ऑफ क्रॅक!” आयर्लंडात मस्करीला क्रॅक म्हणतात.

“मग सांग की.”

तिला सांगता येईना. मीच सांगितला. शब्दशः, कारणासकट. बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “ही तुमची सून का?”

“नाही,” मी म्हटलं, “तेवढं वाचलं.”

एकदाच बूट बुडवले आणि पलीकडे गेले.

आता आम्ही आयर्लंडात, लिक्सलिपला घरी परत आलो आहोत. केतकीचा नवरा चिपच्या कारखान्यात आत्याचा मॅनेजर आहे. त्याचा निरोप आलाय: काकूंनी परक्यांसमोर आपल्या लोकांची लाज घालवली, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सॉरी म्हणावं, मग सगळं ग्रँड, म्हणजे इकडच्या भाषेत ठीकठाक. त्यांनी डबा परत केला तेव्हा लाज गेली नव्हती. मी तोंड उघडलं तेव्हा गेली.

आत्या म्हणते, “आई, एकच शब्द आहे गं. माझं प्रमोशन अडकलंय.”

“कामावर मिळव. माझ्या माफीवर मिळालेलं या घरात आणू नकोस.”

ती दार आपटून गेली. जाऊ दे.

शनिवारी मी मंडळात जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. माफी मागणार नाही. तिथली पोरं मराठी ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. त्यांनी विचारलं, तर काय झालं ते दोन्ही भाषांत सांगेन, त्यांच्या आईबापांच्या देखत.

नाही विचारलं, तरी सांगेन.