दहाव्या वेळचा ब्रेक

ब्रेकबुवांचा धंदा गाड्या थांबवण्याचा आणि स्वभावही तसलाच. तरुणपणी एक सायकल घ्यावी की नाही यावर त्यांनी तीन वर्षं विचार केला. तोवर ती सायकल बनवणारी कंपनीच बंद पडली. घरच्या खुर्चीवरही ते आधी हाताने जोर देऊन बघतात आणि मगच टेकतात. बायको म्हणते, "यांच्याशी भांडायची सोय नाही. चार दिवसांनी उत्तर येतं, तोवर माझा राग शिळा झालेला असतो."

गॅरेज दोघा भावांचं, एकाच छपराखाली. डावीकडे धाकटा इंजिनांना जोर चढवणार, उजवीकडे बुवा ब्रेक बघणार. "तो गाड्या पळवतो, मी त्या घरी आणतो," हे बुवांचं ठरलेलं वाक्य.

कंबर धरल्याने बुवा आठवडाभर अंथरुणाला खिळले, तेवढ्यात घोटाळा झाला. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला डोंगरापलीकडच्या गावात जमीन मोजणीची नोकरी लागली होती. रोजची ये-जा करायला तिने एक जुनी गाडी घेतली. काकाने लाडक्या पुतणीला भेट म्हणून त्या गाडीला टर्बो बसवला. ताकद जवळपास दीडपट झाली. ब्रेक मात्र होते तेच.

बुवा कंबरेला पट्टा बांधून गॅरेजात आले, बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी फाटकाबाहेर जायची नाही."

"बाबा, सोमवारी माझा पहिला दिवस आहे! आणि ब्रेक दाबला की थांबते ना ती?"

"एकदा दाबला की कुठलीही गाडी थांबते. दहाव्यांदा काय करते ते बघायचं."

दहा वेळांची ही परीक्षा गावात बदनाम होती. डोंगराच्या लांबलचक उतारावर गाडी वेगात न्यायची, करकचून थांबवायची, पुन्हा वेग घ्यायचा. असं दहा वेळा. एक गिऱ्हाईक सातव्या वेळी खाली उतरलं आणि घरी चालत गेलं. त्याच्या ब्रेकमध्ये काही दोष नव्हता, पोटात होता.

लेक एकदम म्हणाली, "खरं सांगू? ब्रेकचं निमित्त आहे. तुम्हाला मी जायलाच नकोय."

बुवांनी बॉनेट लावून टाकलं. यावर उत्तर द्यायला त्यांना चार दिवसही पुरले नसते.

शुक्रवारी सकाळी दोघं उतारावर गेली. लेक चालवत होती, बुवा शेजारी. पाच वेळा गाडी शहाण्यासारखी थांबली आणि लेकीची मान ताठ झाली. सहाव्या वेळी जळका वास आला. सातव्या वेळी पेडल असं खाली गेलं, जणू लोण्यात पाय घातला. तिने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला लावली.

"जुन्या इंजिनाला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागायचा," बुवा हळूच म्हणाले. "तेवढ्यात ब्रेक श्वास घ्यायचे, गार व्हायचे. तुझ्या काकाने तो वेळच काढून घेतला."

त्या दिवशी दुपारी बुवांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली: घाई. शहरात जाऊन मोठाल्या परातीएवढ्या ब्रेकच्या डिस्क घेऊन आले. शनिवारभर खपून बसवल्या आणि चाक लावायला गेले, तर चाक बसेचना. सगळा सरंजाम रिमच्या आतल्या बाजूला अडत होता.

लेकीने पर्समधून टेप काढला. "अठरा मिलिमीटर जास्त आहे. बाबा, आणायच्या आधी मोजलं होतंत?"

"राहिलं," बुवा पुटपुटले.

धाकटा टायरच्या ढिगावर बसून इतका हसला की ढिगासकट आडवा झाला. मग डोळे पुसत म्हणाला, "दादा, मोठ्या रिम मागवू का? महिन्याभरात येतील."

महिना! बुवांच्या मनात आलं, महिन्यात काय वाट्टेल ते होतं. लेकीला इथेच जवळ काहीतरी काम मिळेल. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती टेप गुंडाळत होती.

"रिम नको," ते म्हणाले. "रोजच्या रस्त्याला मोठ्या डिस्कची गरजही नाही. मूळच्याच मापाच्या नव्या डिस्क, जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, एवढं पुरे आहे. हे मला शुक्रवारीच कळत होतं."

"मग पराती कशाला आणल्यात?"

"भीती वाटली की माणूस मोठ्ठं काहीतरी आणतो."

ते सगळं गॅरेजातच होतं; रात्री जागून बसवलं आणि रविवारी पुन्हा उतार. सात, आठ, नऊ. दहाव्या वेळी पेडल दगडासारखं घट्ट राहिलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. नाही म्हणायला आता कारणच उरलं नव्हतं.

"वळव," बुवा म्हणाले. "आणि वर जाताना दाब जरा. बघू तरी, तुझ्या काकाने काय दिवे लावलेत."

तिने दाबलं. बुवांची पाठ सीटला चिकटली, दोन्ही हातांनी त्यांनी दाराचं हँडल धरलं आणि पहिल्या वळणापर्यंत ते अगदी लहान मुलासारखे ओरडत होते.