नऊ नंबरचं गेट

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसून मी दीड वर्ष फ्रान्समधल्या एका स्टेडियमची तिकिटांची सिस्टिम लिहीत होते. स्टेडियम तिथल्या नगरपालिकेचं, आणि नगरपालिका म्हटली की पुण्याची काय, फ्रान्सची काय, सगळे एकाच माळेचे मणी. मैदान एक आणि त्याला कामं शंभर. शनिवारी रग्बी, मधल्या वारी शाळांच्या शर्यती, उन्हाळ्यात गाण्यांचे कार्यक्रम. दर वेळी खुर्च्यांचा नकाशा वेगळा. गाण्याच्या दिवशी स्टेज दक्षिणेकडच्या रांगाच्या रांगा गिळायचं आणि ते निस्तरायचं मी.

त्यांनी पाठवलेले नकाशे एकमेकांशी जुळेनात, म्हणून चिडून मी जुने कागद मागवले. त्यात कळलं की मुळात तिथे सायकलच्या शर्यती होत. पुढे रग्बी आली. सायकलींचा, कडेला उंच होत जाणारा ट्रॅक पाडायचा कंटाळा केला आणि त्याच्यावरच पूर्वेचा स्टँड चढवला. म्हणून नऊ नंबरच्या गेटातून आत गेलं की आधी सात पायऱ्या उतरायच्या, मग चढायचं. नव्या नकाशात याचा पत्ताच नव्हता. व्हीलचेअरवाल्यांना त्या गेटची तिकिटं देऊ नका, असं मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा 'थँक यू' आलं.

सिस्टिम एका मोठ्या मॅचला सुरू व्हायची होती आणि टीम तिथे जाणार होती. त्या पायऱ्या मला स्वतः उतरून बघायच्या होत्या. हट्ट म्हणा हवं तर.

घोडं अडलं पासपोर्टापाशी. भारतीय पासपोर्टला फ्रान्सचा वेगळा व्हिसा लागतो, हे माझ्या इंग्रज मॅनेजरला शेवटपर्यंत पटलं नाही. "पण तू तर इथेच राहतेस!" म्हणायचा. मी पहाटेची ट्रेन पकडून लंडनला गेले, फाइल छातीशी धरून फ्रेंच वकिलातीबाहेरच्या फुटपाथवर चार तास उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी दोन मिनिटांत फाइल परत सरकवली. माझा ब्रिटिश व्हिसा अजून किमान तीन महिने चालायला हवा होता आणि तो थोडक्यात कमी पडत होता. तो वाढवायचा तर पासपोर्ट पाठवून द्यायचा, म्हणजे इथे दाखवायला पासपोर्टच नाही. ती फाइल काचेवर आपटावी असं वाटलं मला.

माझ्या जागी कार्डिफच्या एका मराठी डॉक्टरांचा मुलगा गेला. इथेच जन्मलेला, टीममध्ये नवाच, मला ताई म्हणायचा. पोरगा गुणी. पण आयत्या बिळावरचा नागोबा कितीही गुणी असला तरी राग यायचा तो येतोच.

मॅचच्या शनिवारी काही अडलं तर असावं म्हणून मी ऑफिसात एकटीच बसले होते. मॅचला वीस मिनिटं उरली असताना त्याचा फोन आला.

"ताई, बिग प्रॉब्लेम. नऊ गेटवर एक आजोबा आहे, व्हीलचेअरमध्ये. इथे स्टेप्स आहे! स्टुअर्ड म्हणते, दुसरा वे नाही."

"आहे," मी म्हटलं. "गेटकडे पाठ कर. डावीकडची भिंत धरून चालत जा. पुढे एक रुंद दार लागेल. तिथून पूर्वी सायकली आत न्यायचे, उतार आहे."

फोनवर त्याची धाप, चाकांची खडखड, मग किल्लीवरून कुणाशी तरी फ्रेंचमध्ये हुज्जत.

"ताई, दार मिळाली! आजोबा आत गेला!"

आणि त्यानं फोन मैदानाकडे धरला. खेळाडू बाहेर येत असावेत. एवढा कल्ला उठला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यातल्या एकेका खुर्चीला नंबर मी दिला होता.

"नेक्स्ट वीकेंडला ये ना तू," तो ओरडून म्हणाला. "किती क्लोज आहे, जस्ट टू अवर्स!"

"तुला आहे रे," मी म्हटलं.

त्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही. "काय, ताई?"

"काही नाही. तू मॅच बघ."