मामाच्या नोकरीचा अर्ज

शाळेत व्याकरण आणि लेखन नीट शिकवतात का, हा वाद आमच्या घरी जेवताना निघाला की मी ताटावरून उठते. शिकवतात. मला तर इतकं शिकवलं होतं की माझ्या मामाची नोकरी जाता जाता राहिली, तीसुद्धा लागायच्या आधीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रोह्याला नववीत होते. समास फोडणं, प्रयोग ओळखणं, एखादं धडधाकट वाक्य उलटं करून पुन्हा उभं करणं, यात वर्गात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पत्रलेखनासाठी मराठीच्या बाईंनी तीन पत्रं पाठ करून घेतली होती. मुख्याध्यापकांना रजेचं, नगरपालिकेला डासांचं आणि मित्राला अभिनंदनाचं. माणसावर चौथं पत्र लिहायची वेळच येत नाही, असा बाईंचा समज असावा. आणि एक नियम फार कडक होता. पत्राखाली स्वतःचं नाव किंवा गाव लिहायचं नाही. बोर्डाच्या परीक्षेत ओळख पटली तर पेपर रद्द. त्यामुळे आमचा अख्खा वर्ग 'अ.ब.क.' या एकाच नावाने, 'शांतिसदन, पुणे' या एकाच पत्त्यावर गुण्यागोविंदाने राहत होता.

मामा पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला. मिठागरात काम करायचा. ते मिठागर बंद व्हायला आलं होतं, आणि आमच्या रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत वॉचमन घेतायत असं त्याच्या कानावर आलं. लेखी अर्ज हवा होता. मामा चौथी शिकलेला, अक्षर अक्षर लावून वाचणारा. तो तडक आमच्याकडे आला.

"बाय, तुज्यावानी लिवणारी आपल्या खानदानात कोण नाय," असं म्हणाला, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

दोन संध्याकाळी बसून मी फुलस्केपच्या दोन्ही बाजू भरल्या. सुरुवातीला सुभाषित टाकलं, कारण सुभाषिताला एक मार्क जास्त मिळायचा. मग मिठाच्या शुभ्र राशींवर पहाटेची सोनेरी किरणं पसरली. श्रमाचं महत्त्व झालं. शेवटचा परिच्छेद राष्ट्राच्या प्रगतीत वॉचमनचं स्थान या विषयावर. मजकूर वाचून दाखवला तेव्हा मामा पोथी ऐकावी तसा मांडी घालून ऐकत होता.

"मना यातला काय कळला नाय," तो माझ्या आईला म्हणाला, "म्हंजे चांगलाच असल."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो मलाही एस.टी.तून धाटावला घेऊन गेला. साहेबाला एखादा शब्द अडला तर मी सांगायचा होता. कंपनीच्या गेटाला लागून एक ऑफिस होतं. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, कागद उलटून मागची बाजू वाचली आणि चष्मा काढला.

"अ.ब.क. म्हणजे कोण?"

मी वाकून अर्जाच्या तळाशी पाहिलं. सवयीने हात लिहून गेला होता. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा उतरलेला त्याला दिसला असणार, कारण तो छाती पुढे काढून म्हणाला, "मीच तो."

"आणि राहता पुण्याला? शांतिसदनात?"

"व्हय साहेब." मामाने जन्मात पुणं पाहिलं नव्हतं.

"मग इथे कशाला आलात? आम्हाला जवळपासची माणसं हवीत." साहेबांनी अर्ज परत सरकवला.

मामाने तो नीट घडी करून खिशात ठेवला आणि उठायला लागला. माझी लाज झाकायला हा माणूस नोकरी सोडून चालला होता. मला भयंकर राग आला, माझाच. मग मी सगळं ओकून टाकलं. बाई, बोर्ड, रद्द होणारा पेपर, काहीही ठेवलं नाही. साहेब इतके हसले की शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून बघायला आला. हसणं आवरल्यावर त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे टाकला.

"घे. इथेच लिही नवा."

मी पेन उघडलं. डोक्यात रजा, डास आणि अभिनंदन सोडून काही येईना.

"किती ओळींत लिहू?" मी विचारलं.

"कामाचं असेल तेवढं," साहेब म्हणाले. असला अवघड प्रश्न आमच्या पेपरात कधी आला नव्हता.

मी कागदाला समास आखला आणि पेन टेकवलं. मामाला वाटलं, मी त्याच्यासाठीच खोळंबले आहे. तो सांगायला लागला.

"लिव. मी वीस वर्षां मिठागरात हाय. मोठ्या भरतीच्या रातीला बांधावर मीच जागतो. मना झोप लागली तर समदा मीठ पान्यात जाईल, म्हनून झोपत नाय. आता मिठागर बंद व्हतंय. दुसरा काम येत नाय, राखण करता येते. घरी बायको नि तीन पोरां हायत. मना घ्या."

तो बोलला तसं मी उतरवून घेतलं. सुधारायचं सुचलंच नाही. खाली मामाने स्वतःच्या हाताने नाव आणि गाव लिहिलं. त्याला मी उतरवलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला. साहेबांनी कागद वाचला. या वेळी ते हसले नाहीत.

"सोमवारपासून या. रात्रपाळी आहे," एवढंच म्हणाले.

पुढची कितीतरी वर्षं मामा त्या गेटावर होता. भाचीच्या अर्जाने नोकरी लागली, असं तो गावात ज्याला त्याला सांगायचा. गावी गेले की बायका मला बोलावून चहा द्यायच्या आणि आपल्या पोरींना सांगायच्या, "हिच्यासारखी शिक गो." मी चहा प्यायचे. मामा आता नाही. तो अर्ज त्यानेच लिहिला होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.