‘इत्यादी’ म्हणजे नेमकं काय?

त्यांना सगळे विरामताई म्हणत. कचेऱ्यांच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून असलेल्या अरुंद खोलीत त्या तीस वर्षं लोकांचे अर्ज, तक्रारी आणि पत्रं टाइप करत आल्या होत्या. माणूस तावातावाने सांगत असला, की त्या मधेच हात वर करून विचारत, “इथे स्वल्पविराम की पूर्णविराम?” मग समोरच्याला क्षणभर थांबून स्वतःचं म्हणणं नीट तपासावं लागे. नाव तिथूनच पडलं.

त्यांचे काही नियम होते. अर्जात ‘इत्यादी’ लिहायचं नाही. “साहेब विचारतो, इत्यादी म्हणजे काय? आणि तुमची बोबडी वळते,” असं त्या सांगत. दुसरा नियम, कागद टाइप झाला की तोंडाला कुलूप. खोलीत ऐकलेलं त्यांनी कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो बिचारा बसचालक, निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळायचा आणि रोज विचारायचा, “आज काय झालं?” विरामताई म्हणत, “तीन अर्ज.” संपलं.

जुना कॉम्प्युटर एके दिवशी कायमचाच बसला, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने नवा आणून जोडला. हा नवा चपळ होता, पडदाही मोठा. विरामताई खूश झाल्या. त्या टाइप करू लागल्या, की पुढचे शब्द आपोआप फिकट अक्षरांत उमटत, पटले तर एक कळ दाबून घ्यायचे. ‘महोदय’ लिहिलं की ‘विनंती की’ हजर. त्यांना मोठी गंमत वाटली.

तिसऱ्या आठवड्यात एक शिवणकाम करणारी आली. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन सासरीच राहत होती. तिला दुसऱ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्याला पत्र लिहायचं होतं. काम मिळत होतं, राहायला खोलीही मिळत होती. ती दाराकडे बघत हळू आवाजात सांगत होती आणि विरामताई लिहीत होत्या, “मी आणि माझी मुलगी महिनाअखेरीस निघू. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये.” पत्र निम्मं झालं आणि मशीन गोठलं. बंद करून पुन्हा चालू केलं, तर पत्र शाबूत होतं. दोघींचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी तिचे थोरले दीर आले. त्यांना वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीची तक्रार करायची होती. खुर्ची ओढून ते अगदी पडद्याला नाक लावून बसले. विरामताईंनी टाइप केलं, ‘आमच्या घरात अ’, आणि पुढे फिकट अक्षरं उमटली : ‘जून कुणाला सांगितलेलं नाही’.

दिरांनी मोठ्याने वाचलं. “घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय सांगितलेलं नाही?”

विरामताईंनी झटकन पुढची कळ दाबून अक्षरं घालवली. “हे यंत्र आपल्याच मनाने काहीतरी सुचवतं.”

“गळतीचं म्हणत असेल,” दीर म्हणाले आणि स्वतःच हसले. “त्याला म्हणावं, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.”

तक्रार टाइप करून, सही घेऊन विरामताईंनी त्यांना वाटेला लावलं. मग त्यांनी दार लोटलं आणि दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं.

“याला हे कुणी सांगितलं?” त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

“तुम्हीच, ताई.”

“मी सांगितलेलं नाही. मी टाइप केलं.”

“त्याच्या लेखी दोन्ही एकच.” त्याने खुर्ची ओढली. “म्हणजे बघा, मशीन चालू केलं की सगळ्यात आधी जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टीम. बाकीचे प्रोग्राम तिच्या घरातले भाडेकरू. कोण कधी आला, काय बोलला, तिला सगळं ऐकू जातं. तुम्ही वरचेवर काय लिहिता ते ती लक्षात ठेवते, म्हणजे तुमचे कष्ट वाचावेत.”

त्याने एक पान उघडून दाखवलं. त्यावर बटणांची रांग होती आणि सगळी चालू. लिखाणाची माहिती, आवाजाची माहिती, ठिकाण, बिघाडाचे अहवाल, वापराच्या सवयी.

“ही कुणी चालू केली?”

“येतानाच चालू असतात.”

“आणि मी हो कधी म्हटलं?”

दुरुस्तीवाला जरा घुटमळला. “पहिल्या दिवशी एक लांबलचक कागद येतो. खाली ‘मान्य’ असं असतं. तुमच्या वतीने मीच दाबलं.”

“वाचलंस?”

“ताई, ते कोण वाचतं?”

विरामताई रागावल्या नाहीत. त्यांना त्या क्षणी फक्त तो कागद बघायचा होता. दुरुस्तीवाल्याने एकेक बटण बंद केलं. दोन मात्र बंद होईनात. ‘आवश्यक’ असा शिक्का त्यांच्यावर होता. कुणाला आवश्यक, हे त्यालाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः शिवणकाम करणारीकडे गेल्या. तिला जिन्यात गाठून झालं ते सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली.

“भावजींना कळलं?”

“वाचलं. कळलं नाही. पण चूक माझ्या खोलीत झाली, तेव्हा तुला माहीत असायला हवं.”

तिने वर घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “ताई, ते यंत्र आणखी कुणाला सांगत असेल का हो?”

“विचारून सांगते,” विरामताई म्हणाल्या. त्यांनी शब्द दिला होता. आता तो पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्यांनी तो मान्यतेचा कागद छापून घेतला. त्र्याऐंशी पानं झाली. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या लाल पेन्सिल घेऊन बसत आणि मुद्रितं तपासावीत तशी ती पानं वाचत. नवव्या दिवशी वाचून संपली. चष्म्याच्या दुकानदाराने मधेच डोकावून विचारलं, “कादंबरी का?” तर त्या म्हणाल्या, “हो. पण नायक कोण ते अजून सांगत नाहीत.”

गंमत म्हणजे त्यांना ते वाचन आवडू लागलं. वाक्यं इतकी सभ्य की कुठे बोट ठेवावं कळू नये. ‘आपला अनुभव सुधारण्यासाठी’ हे शब्द एकतीस वेळा आले होते. ‘आमचे सहकारी’ कोण, ते एकदाही आलं नव्हतं. आणि ‘इत्यादी’ सतरा वेळा. गोळा केल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक यादीच्या शेपटीला इत्यादी. विरामताईंनी सतराही जागी लाल गोल काढला. एखाद्या साध्या माणसाचा अर्ज असा आला असता, तर त्यांनी तो परत पाठवला असता.

मग त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहीत आल्या, स्वतःसाठी हे पहिलंच. पत्र चार ओळींचं होतं. पृष्ठ अमुक ते अमुक, ‘इत्यादी’ म्हणजे नेमकं काय, आणि माझ्या यंत्रातून आजवर काय काय नेलं, त्याची प्रत मिळावी.

नवरा म्हणाला, “एवढ्या मोठ्या कंपनीला तुझ्याशी काय देणंघेणं?”

“तेच तर बघायचंय,” त्या म्हणाल्या.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. त्यांच्या विश्वासाबद्दल आभार होते, दोन पानं भरून. इत्यादीचा अर्थ नव्हता. पण खाली एक दुवा होता. तिथून प्रत उतरवून घेता येत होती.

दुरुस्तीवाल्याला शेजारी बसवून विरामताईंनी ती फाइल उघडली. आकड्यांच्या रांगाच रांगा होत्या. तो अर्थ लावत गेला आणि त्या ऐकत गेल्या. यंत्र सकाळी किती वाजता सुरू झालं. मधे कधी हात थांबले. रोज चारच्या सुमाराला अकरा मिनिटं काहीच नाही.

“चहा,” विरामताई म्हणाल्या.

“बुधवारी तुमचा वेग पडतो,” तो म्हणाला. “दर बुधवारी. निम्म्यावर येतो.”

“काहीतरीच काय.”

“लिहिलंय ना इथे.”

विरामताई विचारात पडल्या. बुधवारी कौटुंबिक न्यायालयाचा दिवस असे. फारकतीचे, पोटगीचे, मुलांच्या ताब्याचे अर्ज. माणसं सांगता सांगता रडत. रडणं ओसरेपर्यंत त्या कळफलकावर हात नुसते ठेवून बसत. त्यांची ही सवय त्यांना स्वतःलाही माहीत नव्हती, आणि कुठल्याशा दूरच्या इमारतीत ती मिनिटासकट टिपून ठेवलेली होती. त्यांना विचित्र वाटलं. भीती नव्हती ती. आपल्या पाठीवरचा तीळ परक्याने दाखवावा, तसं काहीतरी.

“ते रडण्याचं लिहिलंय का कुठे?” त्यांनी विचारलं.

“छे. नुसता वेग.”

मग तो एका जागी थबकला. बिघाडाचा अहवाल होता. ज्या दिवशी मशीन गोठलं, त्या दिवशी ते का गोठलं हे कळावं म्हणून त्या घटकेला जे जे उघडं होतं, त्याचा एक तुकडा आपोआप पाठवला गेला होता. आकड्यांच्या गचपणात तीन ओळी स्वच्छ वाचता येत होत्या. मी आणि माझी मुलगी महिनाअखेरीस निघू.

“हे कुणी वाचलं असेल असं नाही, ताई,” दुरुस्तीवाला म्हणाला. “असे लाखो येत असतील.”

“वाचलं नसेलही. पण पोहोचलं.”

तोवर महिना उलटला होता आणि शिवणकाम करणारी गावातून गेली होती. विरामताईंनी तिला फोन लावला. पलीकडून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. ती बाहेर येऊन बोलू लागली. विरामताईंनी तिला तीन ओळी वाचून दाखवल्या आणि त्या कुठे गेल्या तेही सांगितलं.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. मग पुढे, “ताई, तुम्ही जिन्यात भेटलात ना, त्याच दुपारी मी घरी सांगून टाकलं. म्हटलं, यंत्राच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.”

“मग?”

“भावजी दोन दिवस फुरंगटून बसले. सासूबाई म्हणाल्या, ‘मला ठाऊकच होतं. तू महिनाभर गिऱ्हाइकांचं नवं शिवण घेत नाहीयेस, आणि मुलीसाठी उन्हाळ्यातच स्वेटर विणायला घेतलास.’ इकडे थंडी असते ना.” ती हसली. “त्यांनीच मग बाह्या विणून दिल्या.”

“आणि रागावल्या नाहीत?”

“रडल्या. पण माझ्यासमोर रडल्या.”

फोन ठेवल्यावर विरामताई बराच वेळ या वाक्याशी घुटमळत राहिल्या. सासूलाही सगळं नुसतं बघूनच कळलं होतं. मग त्या बघण्यात आणि या बघण्यात फरक काय? सासू तरी घरातच होती, तिला विचारता येत होतं, तिच्याशी भांडता येत होतं, एवढं मात्र खरं.

पुढे त्यांनी दुरुस्तीवाल्याकडून एक जुनं मशीन नीट करून घेतलं, इंटरनेटशी न जोडलेलं. खाजगी कागद त्यावर आणि तक्रारी, जाहिराती, भाडेकरार नव्यावर. दारात एक पाटी लागली : ‘आपला मजकूर कोणत्या यंत्रावर हवा, ते आधी सांगावे.’ सुरुवातीला लोक चक्रावत. मग विरामताई समजावून सांगत आणि कामाला उशीर होई. एक वकील वैतागून उठून गेला. आठवड्याभराने परत आला आणि कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रासमोर मुकाट्याने बसला.

रस्त्यावरचे बाकीचे टाइप करणारेही येऊ लागले, आपापल्या मशीनवर ती बटणं कुठे आहेत ते विचारायला. दुरुस्तीवाल्यालाही आता नवं मशीन जोडताना मालकाला शेजारी बसवायची सवय लागली आहे. “ताईंनी विचारलं तर काय सांगू?” असं तो म्हणतो.

कंपनीशी पत्रव्यवहार मात्र चालूच आहे. त्या तीन ओळी पुसल्या का, आणि कोणत्या तारखेला, एवढंच विरामताईंनी विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांना एक तेरा आकडी तक्रार क्रमांक मिळाला. त्यांनी चौथं पत्र काल टपालात टाकलं. पत्र तीन ओळींचं आहे, आणि त्यात स्वल्पविराम एकही नाही.